अकरा दिवसांची दोन वर्षं

"सायेब, पट्टा गेला."

तात्यांचा हा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. 'गेला' हा शब्द त्यांनी अशा आवाजात उच्चारला, की घरातलं कोणीतरी दगावलं असावं असं वाटून मी हातातला घास खाली ठेवला. मग उलगडा झाला. चंद्रीच्या, म्हणजे त्यांच्या म्हशीच्या, गळ्यात आम्ही बांधलेला पट्टा बंद पडला होता. तरीही घास काही वर उचलवेना. कारण "दोन वर्षं बॅटरीकडे बघायचं कामच नाही" असं मी तात्यांना, काकूंना, दूध संस्थेच्या चेअरमनना आणि गोठ्याबाहेर जमलेल्या पंधरा-वीस बघ्यांना छातीठोकपणे सांगून आलो होतो. त्याला त्या दिवशी अकरा दिवस झाले होते.

"दोन वर्सं म्हंजे," तात्यांनी अत्यंत सौम्यपणे विचारलं, "म्हशीची का मान्साची?"

मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत फर्मवेअर लिहितो. फर्मवेअर म्हणजे काय हे मी घरी बारा वर्षं समजावून सांगतो आहे. सध्या आमच्याकडे "हे मशिनच्या कानात काहीतरी सांगतात" या व्याख्येवर तडजोड झालेली आहे. आमचं ताजं यंत्र म्हणजे हा पट्टा. म्हैस किती हलते, किती वेळ रवंथ करते, किती वेळ बसते याची तो नोंद ठेवतो आणि गोठ्याच्या छपरावरच्या गेटवे नावाच्या डबीला रेडिओवरून कळवतो. म्हशीचा माज बऱ्याचदा मुका असतो. गाय हंबरून गाव गोळा करते. म्हैस काही बोलत नाही, आणि तेही रात्री बोलत नाही. ती वेळ हुकली की पुढचे एकवीस दिवस नुसता चारा घालायचा. म्हणून पट्टा. व्यायला आलेल्या म्हशीची अस्वस्थताही त्यानंच कळवायची. कल्पना उत्तम होती. माझ्या कल्पना नेहमी उत्तमच असतात. त्या म्हशीच्या गळ्यात बांधल्या की काय होतं, एवढाच प्रश्न असतो.

आता थोडा हिशेब. तो दिला नाही तर माझ्या दुःखाची खोली कळणार नाही. पट्ट्यात पेन्सिल सेलच्या आकाराचा एक लिथियमचा सेल असतो. ३.६ व्होल्ट, २४०० मिलीअँपतास. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब या सेलवर लावला, तर तासभरसुद्धा चालणार नाही. त्याच सेलवर आम्ही दोन वर्षं काढायला निघालो होतो. दोन वर्षांचे तास होतात १७,५२०. म्हणजे पट्ट्यानं सरासरी १३७ मायक्रोअँपच्या वर एक कणही खायचा नाही. एका बल्बच्या विजेत असे अठरा हजार पट्टे पोसता येतील. आमच्या लहानपणी आईला महिनाअखेरीस जेवढं सांभाळून राहावं लागे, तेवढं या पट्ट्याला पहिल्या तारखेपासून राहावं लागतं.

आणि चंद्रीचा पट्टा अकरा दिवसांत संपला होता. भागाकार केला: ९ मिलीअँप. ठरल्यापेक्षा सहासष्ट पट! घरात कोणी ठरल्यापेक्षा सहासष्ट पट जेवायला लागलं तर आपण काय करू? आधी त्याचं ताट तपासू. मीही तेच करायचं ठरवलं.

पण हे ताट तपासणं म्हणजे स्वतंत्र छळ असतो. झोपलेला पट्टा ५ मायक्रोअँप घेतो. रेडिओवर बोलायला लागला की ४० मिलीअँप. फरक आठ हजार पट. मुंगी आणि हत्ती एकाच काट्यावर तोलायचे, आणि हत्ती एका सेकंदाच्या काही भागापुरताच येऊन जाणार. मल्टिमीटर मायक्रोअँपवर लावला की झोपेचा आकडा छान दिसतो. पण पट्टा जागा होऊन बोलायला जातो तेव्हा मीटरच्या आतल्या रोधातच व्होल्टेज गडप होतं, पट्ट्याला घेरी येते आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मिलीअँपवर लावला तर हत्ती दिसतो, मुंगी शून्य. शेवटी एक छोटा रोध जोडून त्यावर ऑसिलोस्कोप लावला. रात्री दोन वाजेपर्यंत मी पडद्यावर नजर लावून बसलो. पट्टा माझ्या टेबलावर शांत झोपला होता. ५ मायक्रोअँप. आदर्श विद्यार्थी. प्रयोगशाळेत आम्ही महिनाभर हेच बघितलं होतं आणि त्यावरच दोन वर्षं काढली होती.

टेबल रवंथ करत नाही, हे माझ्या लक्षात आलं ते त्या रात्री.

पट्ट्यात हालचाल ओळखणारा एक चिमुकला सेन्सर असतो. तो काही मायक्रोअँपवर गुजराण करत पहारा देतो आणि हालचाल झाली की झोपलेल्या प्रोसेसरला ढोसतो. या ढोसण्याला आमच्या धंद्यात 'इंटरप्ट' म्हणतात. बेत असा, की म्हैस उठली, चालली, बसली की प्रोसेसरनं उठावं, नोंद करावी आणि झोपावं. पण म्हैस दिवसाचे सहा-सात तास रवंथ करते. जबडा हलला, उठा. माशी बसली, मान झटकली, उठा. शेपटी आपटली, कान फडकला, शेजारणीनं ढुशी दिली, उठा. मी ढोसण्याची पातळी इतकी खाली ठेवली होती, की चंद्रीच्या मनात नुसता विचार आला तरी प्रोसेसर दचकून उठत असणार. अकरा दिवस त्या बिचाऱ्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

बरं, उठून तो करत काय होता? काम एक मिलिसेकंदाचं. पण काम झाल्यावर तो 'मी उठलो, अमुक वाजले, सेन्सर ठीक, सेल ठीक' असं साठ अक्षरांचं निवेदन सिरीयल तारेवरून बाहेर पाठवत होता. ही ओळ मी चाचणीसाठी लिहिली होती आणि काढायची विसरलो होतो. ठरलेल्या वेगानं साठ अक्षरं पाठवायला पाच मिलिसेकंद लागतात. म्हणजे काम एक, अहवाल पाच. आणि तो अहवाल जात होता कुठे? ज्या तारेच्या दुसऱ्या टोकाला काहीच जोडलेलं नव्हतं, तिथे. मी आयुष्यात बऱ्याच कचेऱ्या बघितल्या आहेत. त्यांपैकी एक मी स्वतःच्या हातांनी उभारून म्हशीच्या गळ्यात बांधली होती.

मग एक-एक चोर सापडू लागले. पट्ट्यावर एक हिरवा दिवा होता. तो मार्केटिंगच्या साहेबांच्या आग्रहाचा, म्हणून माझ्या टेबलावरच्या नमुन्यात नव्हताच. "शेतकऱ्याला कळलं पाहिजे ना, मशिन चालू आहे!" दिवा दर सेकंदाला दहावा हिस्सा सेकंद लागे. ५ मिलीअँपचा दिवा, म्हणजे सरासरी अर्धा मिलीअँप. दिसायला एवढंसं, पण बाकी सगळं बंद ठेवून नुसता हा दिवा मिचकावत राहिला तरी सेल दोनशे दिवसांत संपणार. आणि दिवा होता कुठे? पट्ट्याच्या जड डबीवर. जड वस्तू खाली ओघळते, हा न्यूटनच्या आधीपासूनचा नियम. त्यामुळे डबी म्हशीच्या गळ्याखाली आणि दिवा जमिनीकडे तोंड करून. अकरा दिवस तो शेणाला सांगत होता, मशिन चालू आहे.

दुसरा चोर सभ्य वेशातला. सर्किटमध्ये एका बटणाच्या पायाला दहा किलोओहमचा रोध वर ओढून धरतो. त्याला म्हणतात 'पुल-अप'. डबी बंद केली की ते बटण दाबलेलंच राहत होतं. ३.३ व्होल्ट भागिले दहा हजार, म्हणजे ३३० मायक्रोअँप, दिवसरात्र, काहीही न करता. सगळ्या पट्ट्याला मिळून परवानगी १३७ची, आणि हा एकटा निवृत्त गृहस्थ व्हरांड्यात बसून ३३० खातोय! त्याला हलवलं तेव्हा सर्किट काढणाऱ्या आमच्या सहकाऱ्यानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

साहेबांनी मात्र एकच उपाय सुचवला: "प्रोसेसर हळू चालवा. गाडी हळू चालवली की ॲव्हरेज वाढतं." हे ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं, की पूर्वी मीही फसलो होतो. चिप किती वीज खाते हे तीन गोष्टींवर ठरतं: आतली धारिता, टिक्-टिक् करण्याचा वेग, आणि व्होल्टेज. त्यातही व्होल्टेजचा वर्ग. ३.३ व्होल्टऐवजी १.८ व्होल्टवर चालवली तर खाणं जेमतेम तीस टक्क्यांवर येतं. पण नुसता वेग अर्धा केला तर? दर सेकंदाचं खाणं अर्धं होतं, हे खरं. पण काम दुप्पट वेळ चालतं. गुणाकार जिथल्या तिथे. वर तेवढा वेळ बाकीची मंडळी उगाच जागी. पाहुणे हळूहळू जेवले म्हणून शिधा वाचत नाही, उलट वाढप्यांचे पाय दुखतात. त्यापेक्षा झपाट्यानं काम उरकून लवकर झोपणं स्वस्त पडतं. हे मी साहेबांना सविस्तर समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे हळू चालवा, बरोबर?"

एवढे चोर धरूनही हिशेब जुळेना. दिवा, रोध, रवंथ, अहवाल सगळं धरून तीन-साडेतीन मिलीअँप. नऊपैकी मोठा वाटा अजून फरार होता. शेवटी लॅपटॉप घेऊन मी पन्हाळ्याच्या पायथ्याशी तात्यांच्या गोठ्यावर मुक्कामाला गेलो. काकूंनी पिठलं-भाकरी वाढली, तात्यांनी गोठ्यातच एक बाजलं मला दिलं आणि दुसऱ्यावर स्वतः आडवे झाले. दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागले. शेजारच्या देवळात भजनाचा कर्णा चालू होता, रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून जात होत्या, डास वेगळेच. तात्या ढिम्म. चार म्हशी एका सुरात रवंथ करत होत्या. चंद्री पंढरपुरी जातीची. शिंगं पार पाठीवर गेलेली, नजर एखाद्या जुन्या संस्थानिकासारखी. ती मधूनमधून माझ्याकडे बघायची. नऊ मिलीअँपचं कोडं तिला ठाऊक होतं आणि ती सांगणार नव्हती.

रात्री अकराला लाइट गेली.

लॅपटॉपचा पडदा बघून मी उठूनच बसलो. छपरावरचा गेटवे घरच्या विजेवर चालायचा. तो बंद पडला. इकडे पट्ट्यानं आपला निरोप पाठवला. उत्तर नाही. मी फर्मवेअरमध्ये लिहिलं होतं, उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठव. किती वेळा ते लिहिलं नव्हतं. किती थांबून, तेही नाही. तेव्हा चारही पट्टे अंधारात दर सेकंदाला, ४० मिलीअँपच्या आवाजात, मेलेल्या डबीला हाका मारत सुटले. लाइट आली पहाटे पाचला. तोवर पट्ट्यांचा घसा बसला नाही, कारण त्यांना घसा नाही. पण सेल बसत होते. गंमत बघा, वीज कंपनीची लाइट जाते आणि ज्याला त्या लाइटशी काही घेणंदेणं नाही असा बॅटरीवरचा पट्टा तिच्या विरहात प्राण सोडतो. असं प्रेम हल्ली माणसांत राहिलेलं नाही.

त्या सहा तासांत आणखी एक गोष्ट घडली. तीनच्या सुमारास दावणीच्या टोकाच्या म्हशीनं दावं हिसकलं. आवाज असा काहीच नव्हता, दोरी खुंट्यावर घासली एवढंच. ट्रॉल्या, भजन आणि डास यांना न जुमानता घोरणारे तात्या उठून बसले, "काय गं?" म्हणाले, तिच्या पायात अडकलेली दोरी सोडवली आणि पुन्हा आडवे झाले. पुढच्या मिनिटाला घोरणं सुरू. मी बघतच राहिलो. आमच्या धंद्यातली अख्खी पुस्तकं ज्यासाठी लिहिली गेली, तो प्रकार लुंगी नेसून माझ्या शेजारच्या बाजल्यावर पडला होता. कशानं उठायचं नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

परत आल्यावर मी सगळं फर्मवेअर तात्यांच्या धोरणानं लिहून काढलं. सेन्सरनं प्रत्येक माशीला प्रोसेसरला उठवायचं नाही. बत्तीस नोंदी आपल्याजवळच्या रांगेत जमवायच्या आणि मग एकदाच हाक मारायची. निवेदनं बंद. दिवा फक्त पट्टा बांधताना दहा सेकंद, नंतर कायमचा विझलेला. गेटवे बोलला नाही तर एक मिनिट थांब, मग दोन, मग चार, मग आठ. उधारी मागायला जाणारा शहाणा माणूस जसा दरवाजा बंद दिसला की पुढची खेप लांबवतो तसं. आणि या सगळ्यांवर रात्रपाळीचा वॉचमन म्हणून मनगटी घड्याळात असतो तसलाच एक क्वार्ट्झ स्फटिक. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणून तो निवडलेला. मायक्रोअँपच्या आत-बाहेर खाऊन तो वेळ मोजत बसतो. गडी म्हणावा तर असा.

भीती एकच होती, झोपलेला उठलाच नाही तर? ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. चंद्रयान-३ चं उदाहरण ताजं आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम चंद्रावर उतरला, त्यातून सव्वीस किलोचा प्रज्ञान बाहेर पडला आणि शंभर मीटरच्या वर भटकला. पुढे चंद्रावरची रात्र आली, आपल्या चौदा दिवसांची. २ सप्टेंबरला प्रज्ञानला झोपवलं, ४ ला विक्रमला. प्रज्ञानची बॅटरी पूर्ण भरलेली, सौर पट्टी उगवत्या सूर्याकडे, ऐकण्याचं यंत्र तेवढं चालू. २२ सप्टेंबरला सूर्य उगवला, इस्रोनं हाका मारल्या. उत्तर आलं नाही. अर्थात ती जोडी मुळात एकाच चांद्रदिवसासाठी घडवलेली होती आणि आपलं काम चोख करून झोपली होती. आमच्या पट्ट्याला तसली सवलत नव्हती. म्हणून आम्ही आत एक 'वॉचडॉग' बसवला: ठरावीक वेळात प्रोसेसरनं त्याला थोपटलं नाही, तर तो प्रोसेसरला कानाला धरून पुन्हा पहिल्यापासून उभा करतो. आमच्या घरी हे काम आई करायची.

नवे पट्टे बांधून आलो. सरासरी उतरली ४८ मायक्रोअँपवर! साहेबांना सांगितलं. साहेब खूश झाले, आणि खूश झालेला साहेब फार धोकादायक असतो. "अजून कमी होईल का? पाच वर्षांची गॅरंटी छापू." मलाही त्या आकड्याची चटक लागली होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी कशात तरी काटकसर करून दाखवत होतो. ढोसण्याची पातळी आणखी वर नेली. निरोप दिवसातून दोनदाच, सकाळी आठ आणि रात्री आठ. त्यांच्या मध्ये बारा तास निवांत झोप. आकडा आणखी खाली गेला. मी तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोर चिकटवला.

तीन आठवड्यांनी सकाळी माझ्या मोबाइलवर आपोआप येणारा निरोप आला: 'चंद्री, अस्वस्थ. लक्ष द्यावे.' आठ वाजून शून्य मिनिटं. मी ताबडतोब तात्यांना फोन लावला.

"तात्या, चंद्रीकडे बघा, ती अस्वस्थ आहे!"

"न्हाई वो," तात्या म्हणाले. "लई झ्याक हाय. रातीला दोनला व्याली. रेडी झालीया. आता दूद पिऊन निजलीया."

"दोनला? मग तुम्हाला कसं कळलं?"

"दावं हिसकलं की तिनं."

मी गप्प. पलीकडून काकूंचा आवाज आला, खरवस घेऊन जायला सांगत होत्या. मग तात्या जरा सांत्वनाच्या सुरात म्हणाले, "सायेब, वाईट वाटून घिऊ नगा. तुमच्या पट्ट्याची झोप लई चांगली हाय. रेडीनं चाटला तरी उठला न्हाई. बॅटरी किती ऱ्हायली?"

मी पडद्यावर पाहिलं आणि सांगितलं.

दुपारी कंपनीत अहवाल द्यायचा होता. तो मी असा लिहिला: चाचणी पूर्ण. बॅटरी शिल्लक ९९ टक्के. म्हैस व रेडी दोघींची प्रकृती उत्तम. शेवटच्या वाक्यातील माहितीचा स्रोत: तात्या.